लातूर आणि बर्फाचा काय संबंध?

आमच्या विहिरीचं पाणी अण्णा दोरानं मोजतात. सुती दोर, टोकाला बांधलेला गुळगुळीत दगड, आणि परसापरसावर, म्हणजे पुरुषभर अंतरावर, मारलेल्या गाठी. दगड तळाला टेकला की दोर सैल पडतो. मग तो वर ओढायचा आणि भिजलेला भाग मोजायचा. आकडा कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचा. फेब्रुवारीत तीन परस, मार्चअखेर दीड, मे लागला की दगड नुसता चिखल घेऊन वर येतो. मी दुसरीत होते तेव्हापासून त्या दाराच्या आतल्या बाजूचे आकडे वाचत आले.

सप्टेंबर २०१९ मध्ये मी हिमाचलातल्या लाहौलमध्ये, चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या एका हिमनदीवर उभी होते. तिथं वाफेच्या ड्रिलनं बर्फात भोक पाडून बांबूची लांब काठी आत सोडतात. उन्हाळा संपताना परत जायचं आणि काठी किती उघडी पडली ते मोजायचं. जेवढी काठी उघडी, तेवढी हिमनदी तिथं खाली गेली. टेप धरून मी आकडा ओरडून सांगत होते, सोबतचा मुलगा वहीत लिहून घेत होता, आणि मला एकदम अण्णांचा दोर आठवला. तिथं भिजलेला दोर मोजायचा, इथं उघडी पडलेली काठी.

ही आठवण आधी सांगितली, कारण पीएच.डी. झाल्यावरच्या चौदा महिन्यांत जिथं जिथं नोकरीच्या मुलाखतीला बसले, तिथं एक प्रश्न हमखास आला. कुणी प्रेमानं विचारला, कुणी टिंगलीनं. लातूर आणि बर्फाचा काय संबंध? उत्तर माझ्या हातात होतं, पण ते द्यायला मला सहा मुलाखती लागल्या.

मी औसा तालुक्यातली, तेरणेच्या काठाजवळच्या गावातली. लातूरला विज्ञान घेतलं म्हणजे नीट नाहीतर जेईई, तिसरी वाट कुणाला दिसत नाही. मी बी.एस्सी. केलं आणि एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला संभाजीनगरला गेले, तेव्हा ते औरंगाबाद होतं. एप्रिल २०१६ मध्ये सुट्टीला घरी आले तेव्हा मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली होती. पहिल्या गाडीला दहा डबे होते आणि प्रत्येक डब्यात पन्नास हजार लिटर पाणी. लोक स्टेशनवर ती गाडी बघायला उभे होते. मी पण होते. पाणी कुठून येतं हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा अभ्यासाचा वाटला. नेट ही पात्रता परीक्षा झाली, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली, आणि २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता हिमालयातला बर्फ आणि त्याचं वितळपाणी. पहिली दोन वर्षं महिन्याला ३१,०००, मग ३५,०००. घरी थोडे पाठवता येत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाला आणि फेलोशिप संपली. पेढे वाटून झाले. दुसऱ्या आठवड्यात आईनं विचारलं, "आता कुठं लागायलीस?"

तिथून ही वही सुरू झाली. अर्जाची तारीख, जागा, कागद, शुल्क, निकाल असे रकाने पाडले. शेवटच्या पानापर्यंत ३७ अर्ज झाले. त्यातल्या १६ ठिकाणांहून काहीच उत्तर आलं नाही, १४ ठिकाणांहून नकार आला, ७ ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. नांदेड, परभणी, बीडच्या मुली मला फोन करून विचारतात की या जागा कशा निघतात, काय काय लागतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, कारण मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

पहिली अडचण विषयाच्या नावाची. आपल्याकडची जाहिरात विषयाच्या नावावर चालते. भूगोलाच्या जागेला भूगोलाची पदव्युत्तर पदवी, भूशास्त्राच्या जागेला भूशास्त्राची. माझी पदवी पर्यावरणशास्त्राची आणि काम हिमनद्यांचं, म्हणजे भूगोलाच्या छाननीत मी बाहेर आणि भूशास्त्राच्याही. नेटचंही तसंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा विषय आहे, ८९ क्रमांकाचा. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एक वेगळा पेपर आहे. २०२१ पासून गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतही पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा पेपर सुरू झाला. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींनी यातली कुठली परीक्षा द्यायची हे जागा बघून ठरवावं. कॉलेजात शिकवायचं असेल तर यूजीसीची नेट किंवा आपली राज्याची सेट, आणि हवामान-ध्रुवीय संशोधन संस्थांत जायचं असेल तर सीएसआयआरची नेट किंवा गेट जास्त उपयोगी पडते. मला हे चोविसाव्या वर्षी कळलं, एकविसाव्या वर्षी कळायला हवं होतं.

मग पर्यावरणशास्त्राच्या जागा किती? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय पदवीच्या प्रत्येक शाखेला सक्तीचा झाला, बी.कॉम.च्या मुलालाही तो घ्यावा लागतो. पण तो शिकवायला वेगळा माणूस बहुतेक कॉलेजांत नेमलेला नसतो. ज्याचा कार्यभार कमी पडतो त्या प्राध्यापकाला तो दिला जातो. सगळ्यांनी शिकायचा विषय, आणि त्याला जागाच नाही. हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तरी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर घेतलं मला. सीएचबी म्हणतात त्याला. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास, सुट्टीचा पगार नाही, आणि मानधन एकदम येतं, केव्हा येईल ते सांगता येत नाही. मला पहिला पैसा फेब्रुवारीत मिळाला. तोवर गाडीभाडं घरून. पण त्या वर्गाबद्दल मला वाईट बोलता येणार नाही. बी.ए. आणि बी.कॉम.ची मुलं होती. पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून तयार फाइल आणायची अशी रीत होती. मी सांगितलं, फाइल नको, आपापल्या गावातल्या पाच बोअरची खोली विचारून आणा, बोअर कोणत्या वर्षी घेतला तेही लिहा. साठ मुलांनी आकडे आणले. फळ्यावर वर्षांप्रमाणे मांडले तेव्हा वर्ग गप्प झाला. आजोबांच्या काळचे बोअर दोनशे फुटांवर, बापाचे पाचशे, आणि मागच्या दोन वर्षांतले आठशेच्या पुढं. खाली काळा बेसाल्ट आहे, त्यात पाणी साठायला जागा थोडीच, ती भेगांत आणि सच्छिद्र थरांत, हे मग समजावून सांगावं लागलंच नाही फारसं. एक मुलगी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, हे असलंच शिकायचं असंल तर कुठं जावं लागतंय?" मी तिला माझी वही दाखवली.

त्याच वर्षी एका अनुदानित कॉलेजची जाहिरात आली. राज्य शासनानं नोव्हेंबर २०२१ मध्ये २०८८ सहायक प्राध्यापकांच्या भरतीला मंजुरी दिली होती, पण ना हरकत प्रमाणपत्र, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, मग जाहिरात, असं करत एकेका कॉलेजची जागा वर्षानुवर्षं रखडत येते. पर्यावरणशास्त्राची एक जागा होती. मी अर्जाचे पाच संच केले, प्रत्येक पानावर सही, निळ्या फायलीत घालून हातोहात नेऊन दिले. छाननीचे गुण यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत ठरलेले आहेत. पदवीला ८० टक्क्यांच्या वर असेल तर २१, पीएच.डी.ला २५, नेटला ८, सेटला ५, आणि जेआरएफसह नेट असेल तर १०. शोधनिबंधांना एकेकी २, पण कॉलेजच्या जागेसाठी सगळे मिळून ६ च्या वर नाही. म्हणजे तुम्ही तीन निबंध लिहा नाहीतर तेरा, तिथं सारखंच. आणि हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. मुलाखतीत पाटी कोरी होते, निवड सगळी मुलाखतीवर. हा नियम मुलींनी नीट वाचून ठेवावा. मी गुणांच्या भरवशावर गेले होते.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. चहा झाला. मग अण्णांकडं बघून म्हणाले, "तुमची तयारी किती आहे?" अण्णांना वाटलं माझ्या अभ्यासाबद्दल विचारतात. ते मोठ्या अभिमानानं सांगू लागले की बाईनं रात्र रात्र जागून अभ्यास केलाय. गृहस्थांनी मान हलवली आणि हाताची चार बोटं उघडून दाखवली. चाळीस. लाख. ते गेल्यावर अण्णा बराच वेळ ओसरीवर बसून होते. रात्री जेवताना म्हणाले, "खालची अडीच एकर काढली तर निम्मं तरी निघंल." मी ताटावरून उठले. आम्ही दोघंही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. अण्णांनी ते मनापासून म्हटलं होतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मुलाखतीला मी गेले. न जाणं मला जमलं नसतं. पॅनेलमध्ये विद्यापीठाकडून आलेले विषयतज्ज्ञ होते, त्यांनी दोन चांगले प्रश्न विचारले, वितळपाणी आणि नदीच्या प्रवाहाबद्दल. मग टेबलाच्या कडेचे एकजण म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर असतो. त्याचं इथल्या पोरांनी काय करायचं?" सगळे हसले. मी पण कसनुसं हसले आणि म्हटलं, "सर, संशोधनाची आवड आहे." बाहेर पडल्यावर, एसटी स्टँडपर्यंत चालत जाताना, उत्तर सुचलं. मार्च २०१४. आमच्या भागात गारपीट झाली तेव्हा शिवारात ढोपराएवढा नाही, पण घोट्याएवढा बर्फ पडला होता. मामाची द्राक्षबाग तासाभरात आडवी झाली, झाडांच्या साली सोलून निघाल्या, गोठ्याबाहेरच्या शेळ्या मेल्या. बर्फाचा आणि आमचा काय संबंध हे सांगायला मला पुस्तक लागणार नव्हतं. पण पॅनेलसमोर ते आठवलं नाही. ती जागा दुसऱ्याला मिळाली.

दिल्ली, गोवा, पुण्यातल्या केंद्रीय संस्थांच्या जागांचं गणित वेगळं आहे. तिथं पैशाचा विषय निघत नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण कागद कडक. एका संस्थेत प्रकल्पाची जागा होती, थेट मुलाखत. रात्रीच्या गाडीनं गेले, सकाळी नऊला रांगेत. कागद तपासणाऱ्या बाईंनी माझा नॉन-क्रीमीलेयरचा दाखला बाजूला काढला. राज्याच्या नमुन्यातला होता. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, तोही चालू आर्थिक वर्षाचा. जात दोन्ही याद्यांत असली तरी कागद वेगळा. मला खुल्या गटातून बसू दिलं, पण वयाची आणि बाकीची सवलत गेली. चूक माझीच होती, जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं होतं. तहसीलला जाल तेव्हा दोन्ही नमुने एकदमच मागा. पदवी प्रमाणपत्रावरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव एक आहे का तेही बघा. माझ्या एका मैत्रिणीचा लग्नानंतरच्या नावामुळे अख्खा अर्ज बाद झाला.

त्या मुलाखतीतही तो प्रश्न आला, पण टिंगलीनं नाही. लातूरहून आलात, मग हिमनद्यांकडे कशा वळलात? मी म्हटलं, लहानपणापासून बर्फाची ओढ होती. ते खरं नव्हतं. खरा बर्फ मी चोविसाव्या वर्षी पाहिला. पॅनेलमधल्या वयस्कर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. खोटं तिथं लगेच कळतं. नोकरी गेल्यापेक्षा त्या बाईंचं ते बघणं मला जास्त लागलं.

मग परदेशातल्या जागा. याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून लिहिते. युरोपात, विशेषतः नॉर्वे, स्वीडनसारख्या देशांत, पीएच.डी. ही नोकरी असते. पगार मिळतो, कर कापला जातो, रजा असतात. आमच्या गावात अजूनही समजतात की बाहेर शिकायला घर विकावं लागतं. पोस्टडॉकचंही तसंच, पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची दोन-तीन वर्षांची पगारी जागा. अर्जाला सहसा शुल्क नसतं. लागतं काय, तर त्या जागेसाठी म्हणून लिहिलेलं पत्र, पुढच्या संशोधनाचा दोन-तीन पानांचा आराखडा, आणि शिफारस देणाऱ्या तिघांची नावं. शिफारसपत्र आपण जोडायचं नसतं, ते त्या तिघांकडून थेट मागवलं जातं. त्यामुळे त्यांना आधी कळवणं, आठवण करणं, अंतिम तारीख पुन्हा सांगणं हे आपलंच काम. मी पहिल्या तीन अर्जांत एकच पत्र नाव बदलून पाठवलं. तिन्ही गेले वाया.

युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला मी ११ सप्टेंबर २०२४ च्या मुदतीत अर्ज केला. दहा पानांचा प्रस्ताव, तोही जिथं जायचंय तिथल्या मार्गदर्शकाशी महिनाभर आधीपासून पत्रव्यवहार करून. गुणांची विभागणी ठरलेली आहे: संशोधनाच्या दर्जाला ५०, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. मला १०० पैकी ७८ मिळाले. ८५ च्या पुढं असते तर निधी नसला तरी गुणवत्तेचं प्रशस्तिपत्र मिळतं, ते हुकलं. पण ७० च्या खाली आले असते तर पुढच्या वर्षी त्याच संस्थेसोबत अर्जच करता आला नसता. नकारासोबत परीक्षकांचं सविस्तर मत आलं. आपल्याकडे नाकारताना कारण सांगायची सवय नाही. तिथं कारण वाचायला मिळालं याचंच मला अप्रूप वाटलं.

त्याआधी, मे २०२४ मध्ये, नॉर्वेतल्या एका जागेची ऑनलाइन मुलाखत झाली होती. तिकडे सकाळचे दहा, आपल्याकडे दुपारचे दीड. मी गावी होते. साडेबाराला डीपी जळाली आणि लाईट गेली. चुलतभावाचं औशात ई-सेवा केंद्र आहे, तिथं इन्व्हर्टर असतो. त्यानं मोटारसायकल काढली, मी लॅपटॉप पोटाशी धरून मागं बसले. तो म्हणत होता, "ताई, घट्ट धर, पोचतोच आपण." एकला आम्ही तिथं होतो. सातबारा काढायला आलेली पाच-सहा माणसं बाकड्यावर बसलेली. भावानं सगळ्यांना सांगितलं, अर्धा तास कुणी बोलायचं नाही, ताईची परदेशातली मुलाखत आहे. एक म्हातारबाबा चपला काढून आत आले आणि भिंतीला टेकून बसले, जणू कीर्तनाला आल्यासारखे.

दहा मिनिटं माझं सादरीकरण, मग प्रश्न. तुमचा संगणकीय कोड दुसऱ्याला वापरता येईल असा ठेवला आहे का? हिमनदीवर सोबतच्याला दुखापत झाली तर काय कराल? सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा काय केलं ते सांगा. आणि मग तो प्रश्न. त्या दिवशी समोर पाच गोरे चेहरे होते आणि मागं आमची माणसं बसलेली होती. त्यांच्यासमोर मला खोटं बोलता आलं नाही. मी इंग्रजीत अण्णांच्या दोराबद्दल सांगितलं. दगड, गाठी, दाराच्या आतल्या बाजूचे आकडे, आणि मग बांबूची काठी. म्हटलं, मोजायला मला घरातूनच शिकवलेलं आहे, फक्त विहीर बदलली. पॅनेलमधले एकजण पुढं झुकून विचारू लागले की ते आकडे अजून आहेत का, किती वर्षांचे आहेत. मुलाखत ठरल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं लांबली. निवड झाली नाही, मी क्रमवारीत दुसरी होते आणि पहिल्यानं जागा घेतली. समितीचा लेखी अहवाल मला पाठवला. त्यात माझ्या उणिवाही होत्या, समुद्री बर्फाचा अनुभव नाही, प्रथम लेखक म्हणून निबंध दोनच. दोन्ही खरं होतं.

सातवी मुलाखत गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची. वास्कोला हेडलँड सड्यावर ते आहे, खाली मुरगाव बंदर दिसतं. अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती, आर्क्टिकमधलं स्वालबार्डचं हिमाद्री आणि स्पितीतलं हिमांश ही संशोधन स्थानकं तिथूनच चालतात. प्रकल्प वैज्ञानिक-१ या पदाची जाहिरात होती, कंत्राटी, महिना ५६,००० आणि घरभाडं, वयोमर्यादा ३५. या वेळी केंद्राच्या नमुन्यातला दाखला फायलीत सगळ्यात वर ठेवला होता.

तिथं प्रश्न आला तेव्हा मी तयार होते, पण पाठ केलेलं बोलले नाही. दोराचं सांगितलं. मग म्हटलं, हवामान खात्याच्या पहिल्या प्रमुखानं, हेन्री ब्लॅनफर्डनं, १८८४ साली हिमालयातला बर्फ जास्त तर पुढचा मान्सून कमजोर असा संबंध मांडला, आणि त्या कामामागं १८७६-७८ चा दुष्काळ होता. तो दुष्काळ दख्खनचा होता, म्हणजे आमचा. १९७२ चा दुष्काळ माझ्या आजीनं सुकडी खाऊन काढला. आणि २०२१ साली तुमच्याच केंद्रातल्या आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी मिळून दाखवलं की आर्क्टिकच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटण्याचा आणि मध्य भारतात मान्सूनच्या शेवटी, सप्टेंबरात, अतिवृष्टी होण्याचा संबंध असू शकतो. आमच्याकडं सप्टेंबरात सोयाबीन शेंगेत असतं. तेव्हा चार दिवस पाणी थांबलं तर शेंगेतच कोंब फुटतात. म्हणून मला समुद्री बर्फ शिकायचा आहे. बोलताना आवाज थोडा कापला, पण मी थांबले नाही.

नोव्हेंबर २०२४ ला रुजू झाले. पहिल्या आठवड्यात हिमगाभे ठेवलेली शीतखोली दाखवली, आत उणे वीस अंश. जाड अंगरखा, हातमोजे, आणि तरी दहा मिनिटांत बोटं आपली वाटत नाहीत. अंटार्क्टिकावरून आणलेला बर्फाचा लांब दंडगोल उजेडासमोर धरला की आत बारीक बुडबुडे दिसतात. तो बर्फ बनला तेव्हाची हवा त्यात कोंडलेली असते. मी तो बुडबुडा बघत किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, सोबतच्यांनी दार उघडून बाहेर बोलावलं. त्या रात्री आईला फोनवर समजावायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "म्हंजे लोणच्यासारखं मुरवून ठिवलंय म्हण की." मला याच्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

कंत्राट एका वर्षाचं, कामाप्रमाणे वाढतं. म्हणजे वही अजून बंद झालेली नाही. अंटार्क्टिकाच्या मोहिमेला अर्ज केला आहे. निवड झाली तर आधी दिल्लीच्या एम्समध्ये तपासणी आणि औलीला बर्फावरचं प्रशिक्षण, त्यातून पार पडलं तरच पुढं केपटाऊनचं विमान. त्याचं उत्तर यायचं आहे.

या सप्टेंबरात, २०२५ मध्ये, मराठवाड्यात पाणी पाणी झालं. तेरणा, मांजरा पात्र सोडून शिवारात आल्या. मी रोज संध्याकाळी कारा समुद्राचे उपग्रह नकाशे उघडत होते आणि रोज रात्री अण्णांचा फोन घेत होते. एकाच दिवसात दोन्ही. सोयाबीन गेलं. खालच्या अडीच एकरात, जी त्या वेळी विकली नाही, गुडघाभर चिखल आहे.

बी.कॉम.च्या वर्गातली ती मुलगी आता बी.एस्सी.ला नव्यानं प्रवेश घेऊन पहिल्या वर्षाला आहे. घरच्यांशी भांडून घेतला. तिला गेटचा अभ्यासक्रम आणि केंद्राच्या दाखल्याचा नमुना पाठवला, दोन्ही आतापासून जपून ठेव म्हणून सांगितलं.

आणि मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाची पर्यावरणशास्त्राची एक जागा निघाली आहे. अडतिसावा अर्ज. काल वास्कोच्या पोस्टातून पाचही संच स्पीड पोस्टनं पाठवले. पावती वहीत चिकटवत होते तेव्हा अण्णांचा फोन आला. मी विचारलं, विहिरीचं काय? म्हणाले, "काठोकाठ हाय. दोर सोडायची गरजच नाही, वरून हात घातला तरी पाणी लागतंय. तरी पण सोडला. सव्वासात परस."

मी पावतीच्या खाली ते लिहून ठेवलं.